फेतूची चटई

लोसाने रिकाम्या खाटेच्या गादीखालून चटई ओढून काढली आणि हाताने झटकली. केवड्याच्या पातीची ती मऊसूत चटई सासूने दोन वर्षं बसून विणली होती. ती कुणाच्या मयतासाठी ठेवली आहे हे गावाला ठाऊक होतं, आणि लोसाच्या नवऱ्यालाही.

"माझी चटई आलापाटीला?" फेतू पलीकडच्या खाटेवरून म्हणाला. "मग मी काय, नारळाच्या झावळीत जाऊ?"

"तू इतक्यात कुठे जात नाहीस. गप पड."

त्याला हसू आलं, पण कळ आली आणि ते अर्ध्यावरच राहिलं. कर्करोग हाडांत उतरला होता. मॉर्फिनच्या बाटलीत दोन वेळचं औषध उरलं होतं. समुद्र खवळलेला, त्यामुळे राजधानी आपियाहून औषध आणणारी बोट सोमवारशिवाय येणार नव्हती, आणि आज शुक्रवार. आलापाटीलाही हाच आजार होता, अशीच बाटली मिळाली होती. तो काल गेला. मेलेल्या माणसाचं औषध मागायला जायचं म्हणून लोसाला स्वतःची शरम वाटत होती. पण फेतूचं ओरडणं ऐकण्यापेक्षा शरम परवडली.

मयताच्या घरी तिने चटई उलगडली तेव्हा बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. पाद्री सांगत होते, आलापाटीने शेवटपर्यंत हूं की चूं केलं नाही. त्याची बायको फिलोमेना मान खाली घालून ऐकत होती. तिने चटईवरून हात फिरवला. अशी चटई कुणी उगाच देत नाही; लोसा कशासाठी आली आहे हे तिला कळलं.

चटई आणणाऱ्याला परतीची भेट द्यायची रीत होती; ती द्यायला तिने लोसाला घरामागे नेलं. मासळीच्या डब्यांच्या खोक्यावर फडक्यात बांधलेलं काहीतरी ठेवलं.

लोसाने गाठ सोडली. बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. झाकणाचं सीलही तसंच होतं.

"मला भीती वाटली," फिलोमेना म्हणाली. "हे सुरू केलं की माणूस लवकर जातो, असं ऐकलं होतं. तो उशी दातांत धरायचा गं, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून."

लोसाने बाटली पुन्हा फडक्यात ठेवली.

"खरं सांग. याने फरक पडतो? फेतूला झोप लागते?"

लोसाने फडक्याची गाठ पुन्हा मारली. एकदा मारली, मग आणखी एकदा.

"नाही गं ताई. फारसा नाही पडत."

"मग न्यायला कशाला आलीस?"

"हाताशी असलं की बरं वाटतं, इतकंच."

 फिलोमेनाने तोंड पुसलं.

"तेच म्हणते मी," ती म्हणाली, आणि आत गेली.

घरी येताच लोसाने माप भरून औषध पाजलं. अर्ध्या तासात फेतूच्या आवळलेल्या मुठी सैल झाल्या. तोंड उघडं टाकून तो घोरू लागला, धडधाकट असताना घोरायचा तसाच. लोसाला रडू कोसळलं.

तेवढ्यात चर्चची घंटा वाजली. आलापाटीला घेऊन लोक याच रस्त्याने जाणार होते, आणि पुढे फिलोमेना असणार होती. घर चारी बाजूंनी उघडं, आत निजलेला माणूस रस्त्यावरून सहज दिसे. लोसा उठली. भर उकाड्यात तिने रस्त्याकडचे झावळ्यांचे पडदे एकेक करून खाली सोडले.

मग आवाज रस्त्यावर जाऊ नये म्हणून तिने फेतूला हलकेच कुशीवर वळवलं, आणि घोरणं थांबून त्याचा श्वास संथ होईपर्यंत तसंच धरून ठेवलं.