शिकंज्यातला फोन

थोरल्याच्या फोनची पाठ फुगली होती. एका बाजूने काच उचलली जाऊन आत नख जाईल एवढी फट पडली होती. त्याने वरून दोन रबरबँड चढवले आणि तीन दिवस तसाच वापरला. दोघा भावांचं वेल्डिंगचं वर्कशॉप होतं. गिऱ्हाइकांच्या फाटकांची, जिन्यांची सगळी मापं त्या फोनमध्ये, त्यामुळे थोरला तो कुणाच्या हातात द्यायला तयार नव्हता.

"दादा, बॅटरी फुगलीये. बंद कर आणि बदलून घे," धाकटा रोज सांगायचा.

"तू मला शिकवणार?" एवढंच उत्तर.

चौथ्या दिवशी दुपारी धाकट्याने तोंडावरचा मास्क वर केला आणि बाकाकडे पाहिलं. थोरल्याने फोन फडक्यात गुंडाळून बाकावरच्या लोखंडी शिकंज्यात धरला होता आणि दांडा फिरवत होता. फुगवटा दाबून काच बसवायचा त्याचा बेत होता. दोन पावलांवर गॅसचे सिलिंडर उभे होते.

"दादा, थांब! पेटेल ती!" धाकट्याने त्याचं मनगट धरलं.

थोरल्याने वळूनही न बघता कोपर हाणलं. धाकट्याच्या नाकातून रक्ताची धार लागली. हे काही नवं नव्हतं. वडील गेले तेव्हा धाकटा बारा वर्षांचा होता. तेव्हापासून पट्टा, पाना, हाताला लागेल त्याने झोडपत थोरल्याने त्याला काम शिकवलं होतं. सोळा वर्षांत धाकट्याने एकदाही उलट हात उचलला नव्हता. आजही तो नुसताच पुन्हा आडवा गेला. थोरल्याने त्याची मान धरून कपाळ बाकाच्या कडेवर आपटलं, एकदा, दोनदा, आणि परत दांड्याला हात घातला. फडक्यातून काच कडकडली.

धाकट्याच्या हाताला सळई लागली. त्याने ती दोन्ही हातांनी उचलून दांड्यावरच्या हातावर घातली.

हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. थोरला गुरासारखा ओरडला, पण डाव्या हाताने त्याने असा ठोसा दिला की धाकट्याचा दात जमिनीवर पडला. धाकट्याने छातीवर लाथ घालून त्याला पत्र्यांच्या ढिगात पाडलं. शिकंजा सैल केला, फोन बंद केला, कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवला आणि डबा अंगापासून लांब धरून समोरचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान गाठलं.

दुरुस्तीवाल्या बाईंनी डबा पाहिला, मग त्याचा चेहरा.

"आधी फोन बघू की तोंड?"

"फोन."

बाईंनी त्याच्या हातात कापूस कोंबला, स्वतः चष्मा आणि हातमोजे चढवले. काच उघडून आधी बॅटरीची जोडणी काढली, मग कडेने स्पिरिटचे थेंब सोडून प्लास्टिकची पातळ पट्टी आत सरकवली. "हिला लोखंड लावायचं नाही. टोचली की संपलं." हळूहळू बॅटरी सुटी झाली. उशीसारखी फुगलेली. त्यांनी ती बाजूला ठेवली.

तेवढ्यात थोरला आत घुसला. उजवा हात लोंबत होता, डाव्या हातात तीच सळई.

"माझ्यावर हात टाकतोस? माझ्यावर?"

त्याने घाव घातला. धाकटा खाली वाकला आणि सळई बसली ती बॅटरीवर. फस्स करून पांढरा धूर निघाला आणि पाठोपाठ वीतभर लांब ज्वाळ. बाईंची एक भुवई जळाली. त्यांनी लांब पकडीने बॅटरी उचलून दाराबाहेरच्या वाळूच्या बादलीत फेकली. "बाहेर व्हा दोघंही! धूर छातीत जाईल!"

तिघंही रस्त्यावर खोकत उभे राहिले. वाळूतून ज्वाळ पुन्हा पुन्हा उसळत होती. थोरल्याच्या डाव्या हातातली सळई खाली पडली.

"सिलिंडर..." तो म्हणाला.

"भरलेले होते," धाकटा म्हणाला.

थोरला फुटपाथवर बसला.

"भांडण संपलं असेल तर नवी बॅटरी बसवते," बाई म्हणाल्या. "संपलं नसेल तर रस्ता भरपूर मोठा आहे." धूर निघून गेल्यावर त्यांनी ती बसवली. काचेला तडा गेला होता, पण फोन चालू झाला. मापं शाबूत होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "हात कसा मोडला?"

"भावाने सळईने मारलं," थोरला म्हणाला.

"आणि याचं हे नाक, हा दात?"

"ते मी," थोरला म्हणाला. "लहानपणापासून मीच."

धाकट्याला रडू आलं, पण ओठ इतके सुजले होते की धड रडताही येईना.

प्लास्टर सहा आठवडे राहिलं. माफी दोघांपैकी कुणीच मागितली नाही. थोरल्याची जीभ पूर्वीसारखीच चालू होती. तो जवळून गेला की धाकट्याचे खांदे आपोआप आक्रसायचे. एक दिवस थोरल्याच्या ते लक्षात आलं. त्यानंतर तो धाकट्याच्या पाठीमागून जाईनासा झाला. समोरून, वळसा घालून, आधी हाक मारून यायला लागला.