सतरावा प्रश्न

“मॅडम, मुद्दा असा आहे, की नळाला पाणी येतंय. पण ते पाणी आहे, यापलीकडे त्याच्याबद्दल चांगलं बोलण्यासारखं काही नाही.”

“म्हणजे थंड येतंय?” सात नंबरनं विचारलं.

“थंड? अहो, चूळ भरली की दात राजीनामा देतात. खोल्यासुद्धा गारठल्यात. मी आत्ता घरात कोट घालून बसलोय, कोट!”

सात नंबरनं हे वाक्य गोळीसारखं तोंडात घोळवलं. डोक्यावर टोपीही आहे का, हे विचारायचा मोह तिनं आवरला. सतरा प्रश्नांच्या यादीत तो प्रश्न नव्हता.

“चला तर मग. पहिल्यापासून सुरुवात करू.”

“परत पहिल्यापासून?”

“काल फोन मधेच कटला ना, साहेब. कटला की यादी पहिल्यापासून. कंपनीचा नियम आहे.”

“पण रोजच कसा कटतो हो?”

“थंडीनं असेल,” सात नंबर म्हणाली आणि तिनं यादी पुढे ओढली.

ही यादी म्हणजे बॉयलर कंपनीच्या तक्रार विभागाचा धर्मग्रंथ. नळाचं पाणी आणि खोल्या तापवणारा बॉयलर बिघडला की गिऱ्हाइकानं फोन करायचा, फोनवरच्या बाईनं सतरा प्रश्न विचारायचे, गिऱ्हाइकानं उठून बघून यायचं आणि उत्तर द्यायचं. सतरा प्रश्न पुरे झाल्याशिवाय मेकॅनिक पाठवायचा नाही. विभागात बारा बायका होत्या. गिऱ्हाइकांनी नाव घेऊन शिव्या देऊ नयेत म्हणून कंपनीनं त्यांना नंबर दिले होते. सात नंबर तिथं चोवीस वर्षं होती. नुसत्या आवाजावरून ती बॉयलरचं दुखणं ओळखायची. बॉयलरच्या आवाजावरून आणि मालकाच्यासुद्धा.

या मालकाचा आवाज तर तिनं नऊ दिवसांपूर्वी “मुद्दा असा आहे” एवढ्यावरच ओळखला होता. त्या आवाजाशी तिनं अकरा वर्षं संसार केला होता.

त्या अकरा वर्षांत ती सकाळी उठून खालच्या स्वयंपाकघरात पाणी तापवायची आणि बादली वर न्हाणीघरात न्यायची. मग तो यायचा, पाण्यात एक बोट घालायचा, डॉक्टरनं नाडी बघावी तसा डोळे मिटायचा आणि निदान सांगायचा, “कोमट आहे.” बादली मोरीत रिकामी व्हायची. ती दुसरी आणायची. कधीकधी तिसरीही. शेवटी एक दिवस त्यानं तिच्या थोरल्या भावाला बोलावून घेतलं आणि चारचौघांत सांगितलं, “मुद्दा असा आहे, की हिला साधं पाणी तापवता येत नाही. घेऊन जा.”

भाऊ घेऊन गेला. भाऊही असा, की परतीच्या वाटेवर त्यानं एवढंच विचारलं, “अगं, पण येत का नव्हतं?”

आणि दोन वर्षांनी, पाणी तापवता न येणाऱ्या या बाईला नोकरी लागली ती पाणी तापवणाऱ्या कंपनीत. नशिबालाही अधूनमधून विनोद सुचतो. त्याला हसायला मात्र माणसाला चोवीस वर्षं थांबावं लागतं.

त्यानं तिला ओळखलं नव्हतं. ओळखणार कसा? अकरा वर्षं तो तिला ‘अगं ए’ म्हणत आला होता. ‘मॅडम’ म्हटल्यावर पलीकडे ती असेल हे त्याच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं.

त्याच्या बॉयलरला झालंय काय, हेही तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. आतल्या पाण्याचा दाब उतरला होता, बस. बॉयलरच्या पोटाखाली अंगठ्याएवढी काळी चावी असते. ती थोडी फिरवायची, तबकडीवरची सुई दीडवर आली की बंद करायची. पाच वर्षांच्या मुलालाही जमेल. पण हा इलाज यादीत सतराव्या प्रश्नात होता आणि नऊ दिवसांत तिनं त्याला सतराव्या प्रश्नापर्यंत जाऊ दिलं नव्हतं. सोळावा झाला की तिचं बोट आपोआप बटणावर पडे आणि फोन कटे.

शिवाय कंपनीकडच्या त्याच्या नोंदीच्या कार्डावर एक सुंदर ओळ होती: ‘घर तिसऱ्या मजल्यावर, बॉयलर तळघरात, लिफ्ट नाही, तळघरात मोबाइलला रेंज नाही.’ म्हणजे फोन वर ठेवायचा, बावन्न पायऱ्या उतरायच्या, बघायचं, बावन्न चढायच्या, सांगायचं. मुळात खालचे प्रश्न एका खेपेत उरकतात. सात नंबरनं ते सुटे केले होते. आधी खालचा दिवा, मग वरचा रेडिएटर, मग खालचा कॉक, मग वरचा नळ. रोज सहा खेपा व्हाव्यात अशी मांडणी तिनं एका रविवारी खास बसून केली होती. त्या रविवारी तिला फार प्रसन्न वाटलं होतं.

एकच गोष्ट तिला खटकत होती. म्हातारा दमत नव्हता. पहिल्या दिवसापासून ती त्याच्या धापेची वाट बघत होती. पण तो फोनवर परत येई तो खुर्चीतून उठल्यासारखा ताजातवाना. सत्तरीला आलेला माणूस, एकशे चार पायऱ्या, आणि आवाजात सुरकुतीसुद्धा नाही! ‘मेला सुपारीसारखा टणक राहिलाय,’ ती मनाशी चडफडे आणि दुसऱ्या दिवशी एखादा प्रश्न दोनदा विचारी.

“काय सात नंबर,” शेजारची चार नंबर डबा उघडता उघडता म्हणाली, “तुमचे लाडके वाटतं?”

सात नंबरनं रिसीव्हरवर हात ठेवला. “जुनं गिऱ्हाईक आहे गं.”

“चोवीस वर्षांत तुम्ही कुणाशी इतकं गोड बोललेलं मी ऐकलं नाही. साखर किती घालताय!”

“विष कडू असतं ना,” सात नंबर म्हणाली. चार नंबरला हा विनोद वाटला. ती हसली.

आजचे पंधरा प्रश्न दुपारी पावणेपाचपर्यंत चालले. पाच खेपा झाल्या होत्या. राहिली शेवटची.

“साहेब, सोळावा प्रश्न. खाली लाल दिवा लुकलुकतोय की सलग जळतोय? नीट बघा हं. लुकलुकणं वेगळं, सलग वेगळं.”

“थांबा, बघून सांगतो.”

रोज या वाक्यानंतर फोन मुका होई. तो फोनवर तळहात दाबून धरत असणार. आज मात्र कपबशी वाजली. तळहात चहात गुंतला होता. फोन टेबलावर उताणा पडला आणि त्या खोलीतलं सगळं सात नंबरच्या कानात आलं.

“अगं ए! दिवा लुकलुकतोय का सलग, ते बघून ये म्हणतायत. पळ.”

“आत्ताच तर आले, अहो.” बाईचा आवाज. “जरा टेकू द्या. गुडघा धरलाय.”

“मॅडम खोळंबल्यात! लोकांच्या वेळेला काही किंमत आहे का नाही?”

चपला वाजल्या. एक पाय नीट पडत होता, दुसरा ओढत होता. दार उघडलं. पायऱ्यांवर तोच आवाज खाली खाली गेला आणि बुडाला. मग वर्तमानपत्राचं पान उलटलं. चहाचा घोट. पुन्हा पान.

सात नंबर रिसीव्हर कानाला धरून तशीच बसली. ही ती. दुसरी. जिला पाणी तापवता येतं म्हणून आणली ती. सव्वीस वर्षं सात नंबरनं या बाईच्या पाण्याबद्दल विचार केला होता. कसं तापवत असेल, काय हातोटी असेल, बोट घातल्यावर तो काय म्हणत असेल. नऊ दिवस, रोज सहा खेपा, खेपेला एकशे चार पायऱ्या. ती मनात गुणाकार करायला लागली आणि अर्ध्यावर थांबली.

बऱ्याच वेळानं धाप ऐकू आली. जिची ती नऊ दिवस वाट बघत होती, ती धाप.

“सलग... जळतोय.”

“सलग जळतोय, मॅडम,” तो फोन उचलून म्हणाला. ताजातवाना.

बोट सवयीनं बटणावर गेलं होतं. सात नंबरनं ते उचललं.

“छान. साहेब, आता जरा नाजूक काम आहे. दिव्याशेजारी लाल बटण दिसेल. ते अंगठ्यानं दाबून धरायचं. वरून निरोप येईपर्यंत सोडायचं नाही. सुटलं, तर यादी पहिल्यापासून.”

“हां, सांगतो तिला—”

“चालणार नाही. ज्यांच्या नावावर बॉयलर, त्यांनीच दाबायचं. नवीन नियम आहे.”

“कधीपासून?”

“आजपासून. फोन घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या.”

“बायको आहे. पण मुद्दा असा आहे, की तिला यातलं काही कळत नाही.”

“असू दे,” सात नंबर म्हणाली. “मी सांभाळून घेईन.”

तो निघाला. पहिला जिना कुरकुरत, दुसरा कण्हत. मग आवाज पोहोचेना.

“हॅलो,” बाई घाबरत म्हणाली. “मॅडम, मला खरंच काही कळत नाही हो.”

“आधी खुर्चीत बसा. बसलात? आता सांगा, खाली घड्याळासारखी तबकडी आहे. सुई कुठं असते?”

“एकच्याही खाली. रोज बघते ना.”

“त्याच्या खाली एक काळी चावी—”

“ती होय? ती मी पहिल्याच दिवशी बघितली. म्हटलं, हिनंच सुई वर चढत असेल, फिरवू का? तर म्हणाले, हात लावू नकोस, तुला काय कळतंय.”

सात नंबरनं पेन्सिल खाली ठेवली.

“मग नऊ दिवस आंघोळीचं काय करता?”

“गॅसवर पातेलं ठेवते, बादलीत ओतते. पण यांचं समाधान होईल तर ना. बोट घालतात, डोळे मिटतात आणि म्हणतात—”

“कोमट आहे.”



“तुम्हाला कसं कळलं?”

“कंपनीकडे नोंद असते,” सात नंबर म्हणाली. “ऐका. उद्या ते घरात नसतील तेव्हा तुम्ही चावी फिरवा. सुई दीडवर आली की बंद. कुठंतरी थेंब थेंब गळतंय, तेव्हा चार दिवसांनी सुई पुन्हा उतरेल. पुन्हा फिरवायची. हे त्यांना सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. नाही सांगितलंत, तर त्या घरात पाणी कधी गरम येईल आणि कधी येणार नाही, हे फक्त तुम्हाला माहीत असेल.”

बाई हे वाक्य हळूहळू गिळत असावी.

इतक्यात जिन्यातून, विहिरीतून यावा तसा आवाज आला. “अगं ए! झालं का? अंगठा बधिर झाला! सोडू का?”

“मॅडम, काय सांगू?”

“तुम्हाला काय वाटतं?”

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग ती बाई, सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच असावं, घर भरून जाईल एवढ्यानं ओरडली, “अजून नाही!”

सात नंबरनं कार्ड पुढे घेतलं. ‘तक्रारीचा निकाल’ या रकान्यात कंपनीला ‘मिटली’ किंवा ‘मेकॅनिक पाठवला’ एवढंच अपेक्षित असतं. तिनं सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं: ‘घरातील बाईंना पाणी उत्तम तापवता येतं. पहिल्यापासून येत होतं.’ खाली विभागाचा शिक्का मारला, शाई वाळू दिली आणि कार्ड कायमच्या दप्तरात लावलं.

“साडेपाच वाजले,” चार नंबर पर्स उचलत म्हणाली. “ठेवा आता तो फोन.”

सात नंबरनं मान हलवली, पण फोन ठेवला नाही. पलीकडे कपबशी वाजली. खुर्चीत बसलेली एक बाई कपातला उरलेला चहा, मुळीच घाई न करता, पीत होती.