कव्हर

स्वप्नाने कॅरम बोर्डावर चिमूटभर पावडर टाकली, तळव्याने पसरवली आणि स्ट्रायकर लावण्याआधी पुन्हा भिंतीकडे पाहिलं. तिथे बाबागाडीत तिची लेक खुशी झोपली होती. मग स्वप्ना वाकून खुर्चीखाली पाहू लागली. एकही सोंगटी खाली पडलेली नव्हती.

“अगं, मार की!” शेजारून रीमा म्हणाली. “खेळायला आलीयस की वॉचमनची ड्युटी करायला?”

बोळिंजच्या त्या सोसायटीत रविवारी दुपारी बायकांची स्पर्धा होती, जोडीजोडीने. रीमाबरोबर प्रिस्का. स्वप्नाच्या समोर तिच्या सासूबाई, जयवंतीबाई. त्यांचं आयुष्य नायगावच्या खाडीकाठी भातशेतीत गेलेलं, आणि स्ट्रायकर हातात धरून जेमतेम सहा दिवस झालेले.

स्वप्नाचा जुना स्ट्रायकर त्यांनाच सापडला होता, वरच्या फळीवर, हिंगाच्या रिकाम्या डबीत.

“हे कसलं बटान गं, एवढं लपवून ठेवलंस?”

स्वप्नाने सांगितलं. कॉलेजात तीन वर्षं खेळले, विद्यापीठापर्यंत गेले. खुशी रांगायला लागली आणि भीती बसली, सोंगटी तोंडात गेली तर? बोर्ड कपाटामागे सरकवला तो सरकवलाच.

दुसऱ्या दिवशी जयवंतीबाई खालून भाजी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “नाव टाकलंय दोघींचं. मला नुसतं समोर बसायचं ना?”

पण नुसत्या बसल्या नाहीत. रोज दुपारी शिकल्या. आज सकाळी भाकऱ्या थापताना त्यांनी राणीचा नियमसुद्धा न अडखळता म्हणून दाखवला होता: राणी घेतली की पाठोपाठ आपली एक सोंगटी घालून तिला कव्हर करायचं.

खेळात मात्र त्यांनी दोनदा स्ट्रायकरच जाळीत घातला आणि दोन्ही वेळा खूश झाल्या. स्वप्नाचेही पहिले फटके वाया गेले. मग एक पांढरी कडेला घासून अलगद आत उतरली, आणि तो टप्प असा आवाज तिच्या बोटांनी ओळखला. पाठोपाठ तीन गेल्या. आपण हसतोय हे तिला प्रिस्काच्या चेहऱ्यावरून कळलं.

आता त्यांची एकच पांढरी उरली होती, आणि मधोमध राणी. रीमाच्या दोन काळ्या जाळीच्या तोंडाशी टपलेल्या. हा हात हुकला की गेम गेला.

तेवढ्यात खुशी रडली. स्वप्ना खुर्ची मागे सारून उठलीच.

“बस खाली,” जयवंतीबाई म्हणाल्या. “रानी घे तू. कव्हर मी करते.”

रीमाला हसू आवरेना. “ओ काकू, तसं नसतं! जिने राणी घेतली तिनेच कव्हर करायचं. लगेच.”

“हो का?” म्हणत जयवंतीबाई बाबागाडीपाशी पोचल्यासुद्धा. “कोन उठलं? कोन उठलं गं माझं?”

रडणं मुसमुसण्यावर आलं, मग थांबलं.

स्वप्ना हळूच खाली बसली. ओले झालेले डोळे तिने मनगटाने पुसले. गालावर पावडर लागली. तिने नेम धरला. राणी सरळ जाळीत गेली.

“आता कव्हर,” रीमा म्हणाली. तिचं हसू मावळलं होतं.

पांढरी पार पलीकडच्या कोपऱ्यात होती. स्वप्नाने स्ट्रायकर रेषेवर ठेवला. पाठीमागे खुशी आजीला काहीबाही सांगत होती.

या वेळी तिने मान वळवली नाही.