चार पावलं मागे

माझी बायको परदेशात जाऊन साडेसातशे किलोमीटर पायी चालणार होती आणि मला बरोबर नेणार नव्हती. हे मला एका रविवारी सकाळी दात घासताना कळलं. तोंडात फेस असल्यामुळे मला लगेच काही बोलता आलं नाही. तिने मुद्दाम तीच वेळ साधली असं माझं आजही ठाम मत आहे.

"जुन्या यात्रेची वाट आहे," न्हाणीघराच्या दारात उभी राहून ती म्हणाली. "डोंगरात सुरू होते आणि मोठ्या देवळापाशी संपते. तेहतीस दिवस लागतात. लोक पाठीवर सामान घेऊन एकेकटे चालतात. मी सप्टेंबरात जाणार आहे."

मी चूळ भरली. "नवस वगैरे बोलली होतीस का?"

"नाही. बसून कंटाळा आला."

यात खोटं काही नव्हतं. बत्तीस वर्षं ती एका इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती. कानाला यंत्र लावून एकाच खुर्चीत बसायची आणि रडणाऱ्या, ओरडणाऱ्या, घाबरलेल्या माणसांना हव्या त्या वॉर्डात जोडून द्यायची. मार्चमध्ये ती निवृत्त झाली. खुर्ची घरी न्या म्हणून इस्पितळाने आग्रह केला होता, तिने ती घेतली नाही.

"मग दोघं जाऊ की," मी म्हणालो.

"नको."

"का नको?"

"तुम्ही पुढे चालता."

मी हे साफ नाकारलं. मी बस डेपोत वेळापत्रकं करण्यात आयुष्य घालवलेला माणूस आहे. तिथे मला सगळे मिनिटराव म्हणत, आणि ते प्रेमाने म्हणत असं मी धरून चाललो आहे. माणूस पुढे चालतो की मागे, एवढं मला नक्की कळतं. साक्षीसाठी मी मुलीला फोन लावला. ती दुसऱ्या शहरात असते आणि सहसा माझी बाजू घेते.

"बाबा, आपल्या सगळ्या सहलींचे व्हिडिओ माझ्याकडे आहेत," मुलगी म्हणाली. "त्यांत आई असते, मी असते आणि लांबवर एक पाठ असते. ती पाठ तुमची."

रस्ता बघायला कोणीतरी पुढे लागतंच, असं मी तिला सांगितलं. ती बराच वेळ हसली. मग मी तीन दिवस तोंड फुगवून बसलो. चौथ्या दिवशी लक्षात आलं की याची कोणी दखलच घेतलेली नाही, तेव्हा माझा अबोला मीच सोडला आणि सरळ विचारलं, "मला यायचं असेल तर काय करावं लागेल?"

तिच्याकडे उत्तर तयार होतं. "तिकीट काढायला अजून दीड महिना आहे. रोज माझ्याबरोबर चालायला या. चार पावलं मागे. वाट दाखवायची नाही, किती वाजले ते सांगायचं नाही. एकदा जरी पुढे आलात तरी संपलं. जमलं तर दोन तिकिटं काढू."

मला हसूच आलं. मागे चालण्यात काय विशेष आहे, असं वाटलं.

पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत पोचेस्तोवर मी तीनदा तिच्या टाचेवर पाय दिला. पहिला दिवस धरायचा नाही असं मीच जाहीर केलं आणि तिने ते मान्य केलं. मागे चालणं अवघड असतं, कारण पाय मोकळे असतात आणि डोक्याला काही काम नसतं. तिने डावीकडे वळायच्या जागी उजवीकडे वळावं, सिग्नल सुटत असताना शांतपणे थांबावं, आणि मी तिच्या पाठीकडे बघत गप्प राहावं. डेपोत मी यापेक्षा कमी त्रासात रक्तदाब वाढवून घेतला होता.

तयारीच्या बाबतीत मात्र मी हात राखला नाही. तेहतीस दिवसांचं वेळापत्रक डेपोच्या पद्धतीने तयार केलं: सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, विश्रांती, शेरा. तिने ते नीट वाचलं, छान झालंय म्हणाली आणि चुरगळून नव्या बुटांत कोंबलं, म्हणजे त्यांचा आकार बिघडणार नाही. सामान शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जड नको, असं कुठेतरी वाचून मी काटा आणला. तिने टूथब्रशचा दांडा अर्धा कापला. मी शिट्टी, होकायंत्र आणि सुटा पट्टा बाजूला काढला, आणि पट्टा गुपचूप परत आत ठेवला.

हे बूट घेताना दुकानात थोडी बाचाबाची झाली होती. "रोज वीस-पंचवीस किलोमीटर चालणार असाल तर एक माप मोठं घ्या," दुकानदार म्हणाला. "पाय सुजतात." बायकोने मोठं माप घेतलं. मी म्हणालो की मी तीस वर्षं याच मापाचे बूट घालतोय आणि माझ्या पायांना मी तुमच्यापेक्षा जास्त ओळखतो. दुकानदाराने मान डोलावली आणि माझ्या मापाचा डबा काढला. वाद घालणारी गिऱ्हाइकं त्याने पुष्कळ पाहिली असावीत.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती बोलता बोलता चुकीच्या फाट्याला लागली. मला ते पहिल्याच वळणावर, पाण्याच्या टाकीपाशी, कळलं. पाऊण तास चालून आम्ही एका सिमेंटच्या गोदामासमोर पोचलो. पुढे रस्ताच नव्हता. एक राखणदार स्टुलावर बसून आमच्याकडे बघत होता.

ती वळली. "रस्ता चुकला हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पाण्याच्या टाकीपासून."

"मग बोलला का नाहीत?"

"नियम," मी म्हणालो.

ती राखणदाराकडे बघून हसली. परतीच्या वाटेवर तिची पाठसुद्धा हसत होती, हे मी चार पावलांवरून सांगू शकतो. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपल्याला जमतंय. आणि हेही वाटलं की मला खरंच जायचं आहे. देवळासाठी नाही. ती कुठल्यातरी डोंगरात रोज सकाळी पाठीवर पिशवी टाकणार आणि मी इथे गॅसवर एक कप चहा ठेवणार, हे चित्र मला बघवत नव्हतं.

शेवटची परीक्षा शनिवारी होती. गावाबाहेरच्या तलावाला चार फेऱ्या, पाठीवर पूर्ण सामान. एक फेरी सहा किलोमीटरची. सोमवारी तिकिटं काढायची होती. वेळ सांगायची नाही असा नियम होता, लिहायची नाही असा नव्हता, म्हणून मी खिशात वही ठेवली होती. पहिली फेरी एक तास एकतीस मिनिटं. दुसरी एक तास चौतीस. दुसरी संपता संपता माझ्या उजव्या टाचेत कोणीतरी निखारा ठेवला. दुकानदाराची आठवण आली आणि ती मी लगेच घालवली.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. बुटात खडा गेलाय. तू हो पुढे, मी बाकावर बसतो जरा."

"दुखतंय का?"

"छे."

ती माझ्या पायाकडे बघत क्षणभर उभी राहिली आणि निघाली. मी बूट काढला. मोज्याला रक्त लागलं होतं. मी बूट पुन्हा पायात चढवला आणि घड्याळ बघत बसलो, कारण बसल्या जागी मला तेवढंच येतं.

तिसरी फेरी तिने एक तास आठ मिनिटांत पुरी केली.

बाकापाशी आली, "ठीक आहात ना?" म्हणाली, मी हात हलवला, ती गेली. चौथी फेरी एक तास सात मिनिटांत. मी दोन्ही आकडे वहीत लिहिले आणि त्यांच्याकडे बघत राहिलो. हुज्जत घालण्यात मी पटाईत आहे, पण घड्याळाशी मी कधी हुज्जत घातलेली नाही. माझ्याबरोबर दीड तास, माझ्याशिवाय सव्वा तासाच्या आत. एवढा उशीर करणारी गाडी मी डेपोत असताना बंद केली असती.

ती आली आणि पिशवी उतरवून घटाघटा पाणी प्यायली. चेहरा लाल झाला होता. मी वही तिच्यापुढे धरली.

"तू एकटी जा," मी म्हणालो. "माझ्यामुळे तुझा वेग मरतो. हे बघ. एका फेरीत जवळजवळ पंचवीस मिनिटं. तेहतीस दिवसांचा हिशेब मी तुला सांगत नाही."

तिने आकडे वाचले. मग वही मिटून माझ्या खिशात घातली.

"तुम्ही इथे एकटे बसला होतात," ती म्हणाली. "पायाला काय झालंय ते दाखवत नव्हतात. मी पळत आले हो. दोन्ही फेऱ्या पळत आले."

मिनिटरावांना साठ वर्षांत कोणी एवढं पळून दाखवलं नव्हतं. तलावात बघण्यासारखं काही नव्हतं, तरी मी तलावाकडे बघितलं. मग म्हणालो, "म्हणजे दोन तिकिटं?"

ती बाकावर माझ्या शेजारी बसली आणि बराच वेळ बुटाच्या नाडीशी खेळत राहिली.

"नाही," ती म्हणाली. "एकच."

"मी पुढे गेलो का? एकदा तरी?"

"एकदाही नाही. तुम्ही पास झालात. मला वाटलंच नव्हतं तुम्हाला जमेल."

"मग?"

"दीड महिना मी पुढे चालतेय आणि माझं सगळं लक्ष मागे. पाऊल वाजतंय का, थांबलात का, पाणी प्यालात का. तुम्ही पुढे चालायचात तेव्हाही हेच करत होते. तेव्हा निदान दिसत तरी होतात." ती हसली नाही. "तुमचा काही दोष नाही. मला सवयच तशी लागलीय. घरी तुम्ही, तिकडे बत्तीस वर्षं कानात लोक. एक महिना मला कोणाचीच चाहूल घ्यायची नाही. राग मानू नका."

राग आला नाही. वाईट मात्र वाटलं, आणि पुष्कळ वाटलं. कारण ती बरोबर आहे हे टाचेइतकंच स्पष्ट जाणवत होतं.

"दाखवा आता पाय," ती म्हणाली. मी दाखवला. पुढची दहा मिनिटं ती मला, दुकानदाराला आणि एकूण पुरुषजातीला जे बोलली ते मी इथे लिहीत नाही.

सोमवारी सकाळी मी संगणकासमोर बसलो. फॉर्म मी आठवड्यापूर्वीच भरून ठेवला होता. 'प्रवासी' या रकान्यात दोन लिहिलेलं होतं, ते खोडून एक केलं. खालची माझी माहिती आपोआप नाहीशी झाली, त्याला एक सेकंदही लागला नाही. पुढच्या पानावर विमानाचा नकाशा आला आणि जागा निवडा म्हणाला. ती स्वयंपाकघरात होती. कोणती हवी म्हणून मी हाक मारणार होतो, आणि लक्षात आलं की तिला खिडकी आवडते की नाही हे मला माहीत नाही. बस असो, गाडी असो, खिडकीत आजवर मी बसत आलो होतो, रस्ता बघायला.

मी खिडकीची जागा घेतली आणि तिचं नाव टाकलं.