आधी कोमट पाणी

डॉक्टरांनी केसांची एक बट बाजूला केली, बोथट सिरिंजमधून गार जेल टाळूवर सोडलं आणि मेंदूच्या लहरी टिपणाऱ्या टोपीतली पुढची चकती दाबून बसवली. ताईच्या अंगावर काटा यायला हवा होता. आला नाही.

"गार लागतंय का?"

"नाही."

"सगळ्यांना लागतं हो," बाजूच्या खुर्चीतून धाकटा भाऊ म्हणाला. त्याची तपासणी आधीच उरकली होती आणि ओले केस घेऊन स्वारी पाय हलवत बसली होती. "ताई, टोपी शोभतेय हं तुला. आता कळू दे त्यांना, आमच्या घरात खरं वेडं कोण ते."

डॉक्टर हसल्या. ताईने ओठ ताणले. हसण्याच्या जागी हल्ली ती एवढंच करायची.

धाकट्याला स्किझोफ्रेनिया होता. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तो कुणाशी तरी बोलायला लागला, आणि ते कुणीतरी त्याला उलट उत्तरं देऊ लागलं. आई होती तोवर तिने निभावलं. आई गेली आणि गोळ्या, आंघोळ, रात्रीचं दार, सगळं ताईच्या गळ्यात पडलं. आधी ती रडायची, मग चिडायची, मग दोन्ही बंद झालं. येत्या सोमवारी ती त्याला शहराबाहेरच्या निवासी केंद्रात ठेवणार होती. कायमचं. त्याला अजून सांगितलं नव्हतं. तिथे सगळ्यांचे कपडे एकत्र धुतले जायचे, म्हणून दुपारी तो झोपला की ती त्याच्या शर्टांच्या कॉलरला आतून लाल धाग्याची फुली घालत बसायची. त्याला कुठे काय कळतंय, गोळ्यांनी तो सुन्न झालाय, त्याला घर काय नि केंद्र काय, असं तिने स्वतःला समजावलं होतं. या एका समजुतीवर ती उभी होती.

डॉक्टरांना मेंदूतली गॅमा नावाची जलद लय मोजायची होती, आजारी माणसांची आणि त्यांच्या धडधाकट भावंडांचीही. ताई धडधाकटांच्या बाजूने आली होती. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या सरकत राहिल्या, ती बघत राहिली. टोपी निघाल्यावर डॉक्टरांच्या संगणकावर दोघा भावंडांच्या दोन रेघा दिसल्या. एकीला मधोमध चांगला उंचवटा होता, दुसरी जवळजवळ सपाट.

"ही त्याची," ताईने सपाट रेघेवर बोट ठेवलं.

डॉक्टर घुटमळल्या. "खरं तर आम्ही हे सांगत नाही. पण तुम्ही भलतंच काहीतरी मनात घेऊन जाल. ती तुमची आहे."

"म्हणजे मला पण..."

"छे, तसं काही नाही. ही लय ज्याची त्याची वेगळी असते. खूप माणसांची सरासरी काढली तर या आजारात ती जरा कमी दिसते. पण एकट्या माणसाबद्दल तिच्यावरून काही ठरत नाही. जोरदार लय असलेला आजारी असू शकतो, आणि सपाट असलेला ठणठणीत."

"आणि त्याला किती जाणवतं, ते यात दिसतं?"

"नाही. ते त्यालाच विचारावं लागेल."

बस उशिरा येणार असं कुणी सांगितल्यावर डोलवावी, तशी ताईने मान डोलावली.

शेजारच्या खोलीत बेसिन होतं. जेल वाळून केसांच्या काड्या झाल्या होत्या. तिने साबणाकडे हात नेला.

"अगं, साबण नको!" धाकटा मागोमाग आला. "आधी कोमट पाणी. साबण लावलास की गोळे होतात. मी मुरलेला आहे यात, मला विचार."

त्याने बाह्या सारल्या, मनगटाच्या आतल्या बाजूवर पाणी घेऊन बघितलं आणि तिची मान हलकेच खाली वाकवली. आई असंच बघायची. गोळ्यांमुळे त्याची बोटं थरथरायची, म्हणून तो सावकाश धूत होता. कानात पाणी जाऊ नये म्हणून त्याने कानावर तळवा धरला. आई गेल्यापासून ताईच्या डोक्यावरून कुणाचा हात फिरला नव्हता. पाणी ऊन लागत होतं. लागतंय, हे तिला जरा उशिराच कळलं.

"ताई, तिथे गरम पाणी येतं ना?"

"कुठे?"

"कॉलरला फुल्या घालतेस ना, तिथे."

ताईला भीती वाटली. किती तरी दिवसांनी तिला काहीतरी वाटलं, आणि ती भीती होती. तिने बेसिनची कड घट्ट धरली. नळ वाहत होता. कानामागचं जेल निघत नव्हतं, ते धाकटा अंगठ्याने हळूहळू सोडवत होता.

"निळ्या शर्टाला घालायची राहिलीय बघ," तो म्हणाला.

ती वळायला गेली.

"मान वर करू नकोस. डोळ्यांत जाईल."

तिने मान खालीच ठेवली.