गुडरूनने न पुसलेला बर्फ

एमेटची उंची पाच फूट नऊ इंच होती, आणि एवढ्या एका वाक्यापायी त्याच्या आईच्या, मार्लाच्या, घरात सहा महिने शांतता नव्हती. सकाळी चार अंडी, दुपारी दुधाचा पेला आणि संध्याकाळी तळघरातल्या तुळईला लोंबकळणं.

"ताणलं जातंय का रे?" मार्ला खालून विचारी.

"हात ताणले जातायत," वरून उत्तर येई. "थोड्या दिवसांत न वाकता बुटाच्या नाड्या बांधीन."

पंधरा वर्षांचा एमेट गावच्या बर्फावरच्या हॉकी संघाचा गोलरक्षक. कॅनडातल्या साऱ्या सस्कॅचेवान प्रांतात त्या हिवाळ्यात सर्वांत कमी गोल खाल्लेला पोरगा! मे महिन्यात ज्युनियर लीगचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी पोरं निवडायचा दिवस, होता. त्यात नाव पुकारलं गेलं की पुढची वाट मोकळी, नाही तर बहुतेकांची हॉकी तिथेच संपते. संघांचे पारखी यायचे, गोल मारणाऱ्यांची नावं टिपायचे आणि एमेटपुढे फक्त उंची लिहून निघून जायचे.

एका शनिवारी असेच एक पारखी, व्हर्न टेसियर, आले. दोनदा मोडलेलं नाक, हातात वही. मार्ला मुद्दाम त्यांच्या मागच्या बाकावर बसली. मान लांब केली की वही वाचता येत होती.

तीन डावांपैकी पहिला सुरू झाला. एमेट करत काय होता? काहीच नाही! खेळातली रबरी चकती जिथे येणार तिथे तो आधीच उभा. ती छातीवर धप्पकन आदळे, तो पोटाशी धरी, खेळ थांबे. जणू पोस्टमनकडून पत्र घेतोय! टेसियर जांभई देत उठले आणि रस्सा ओतलेले बटाट्याचे काप घेऊन आले.

पलीकडच्या टोकाला पाहुण्या संघाचा गोलरक्षक कॉल्टन होता, सहा फूट तीन इंच. तो डावीकडे झेपावे, उजवीकडे कोसळे, पाय आकाशात, हातमोजा भलतीकडे! लोक "ओऽऽ" करून उठत. टेसियर भराभरा लिहीत.

मार्लाला राहवेना. मध्यंतर होताच तिने कपडे बदलायच्या खोलीच्या दारात एमेटला गाठलं.

"अरे, जरा लोळ ना!"

"लोळलो तर पाठोपाठ येणारी दुसरी चकती कोण अडवणार? तू?"

"उलट बोलू नकोस. त्या कॉल्टनला बघ, कसा उडतो!"

"तो उडतो, कारण तो उशिरा पोचतो, आई."

"मग तूही थोडा उशिरा पोच!"

एमेटने आईकडे असं पाहिलं, की दुसऱ्या कुणी पाहिलं असतं तर मार्लाने त्याच्या घरी फोन केला असता.

पण पोरगा आज्ञाधारक. दुसऱ्या डावात त्याने झेप घेतली. काय झेप! सारं स्टेडियम उठलं, टेसियरांनी पेन उचललं, मार्लाची छाती फुगली. दुसऱ्या वेळी तो डावीकडे उडाला आणि चकती उजवीकडून, सवडीने आलेल्या पाहुण्यासारखी, जाळ्यात शिरली. तिसऱ्या वेळीही तेच. दोन गोल! मार्लाने मान लांब केली. वहीत लिहिलं होतं: 'बुटका. धांदरट.'

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण!

दुसऱ्या मध्यंतरात बर्फ गुळगुळीत करणारी गाडी निघाली. ती चालवणारी गुडरून अडुसष्ट वर्षांची. तिने फेऱ्या पुऱ्या केल्या आणि खाली उतरून तडक मार्लाकडे आली.

"काय सांगितलंस गं पोराला?"

"मी? काही नाही बाई."

"मला शिकवू नकोस. तीस वर्षं मी बर्फ पुसतेय. पहिल्या डावानंतर त्याच्या गोलपुढे चार बारीक रेघा होत्या, आणि आत्ता बघितलं तर कोंबड्यांनी उकिरडा उकरलाय!"

मार्लाचा चेहरा पडला. "पण गुडी, तो पारखी त्याच्याकडे बघतच नव्हता हो! काही घडलंच नाही तर तो लिहिणार काय?"

"हेच तर!" गुडरूनने हातमोजा कमरेवर आपटला. "यंदा शाळेपुढच्या उतारावर रोज सकाळी मीठ टाकलं कुणी? मी. एक तरी पोर घसरलं? नाही. मग आभार मानायला कोण आलं? कुणी नाही! आणि तो हॅरल्ड बिनमिठाच्या पायऱ्यांवर पडून पाय मोडून बसला, तर गावाने त्याच्याकडे नऊ पाय नेले!"

"पाय?"

"सफरचंदाचे गं, खायचे! पोरी, जे घडू दिलं नाही ते दिसत नाही. ते बघायला शिकावं लागतं. परक्याला नसेल जमत, पण तू तर त्याची आई ना?"

मार्लाला एकदम भरून आलं. ती धावत दाराशी गेली.

"एमेट, माझं चुकलं. तुझं तू खेळ."

"म्हणजे वेळेवर पोचू?"

"वेळेवर पोच, राजा."

तिसऱ्या डावात काहीच घडलं नाही, आणि ते 'काहीच नाही' मार्लाने आयुष्यात पहिल्यांदा डोळे भरून पाहिलं. एमेटच्या संघाने तीन-दोनने सामना जिंकला. टेसियर वही मिटून निघाले. अनोळखी माणसाशी वेळ विचारण्यापुरतंही न बोलणारी मार्ला त्यांच्या वाटेत आडवी उभी राहिली.

"खाली बर्फावर चला."

"बाई, उंचीचं काय ते—"

"उंची मला ठाऊक आहे. तुम्ही चला!"

गुडरूनने सगळा बर्फ पुसला होता, दोन्ही गोलांपुढची निळी अर्धवर्तुळं मुद्दाम सोडून. पुढच्या सामन्याची पोरं फाटकाशी आरडाओरडा करत होती. गुडरून गाडीचा हॉर्न वाजवून त्यांनाच दटावत होती.

कॉल्टनच्या बाजूला नांगरट झाली होती. एमेटच्या बाजूला टेसियर खाली बसले. चार-सहा रेघा, झाडूने काढल्यासारख्या.

"इथे कोणी खेळलं तरी का?"

"एकवीस चकत्या अडवल्यात," मार्ला म्हणाली. "या एका डावात."

टेसियर मोडकं नाक चोळत म्हणाले, "खरं सांगू? गोलरक्षक मला कळतच नाहीत. आमच्यात कुणालाच कळत नाहीत. उंची तेवढी मोजता येते, म्हणून आम्ही उंची लिहितो."

मे उजाडला. ड्राफ्टमध्ये कॉल्टनचं नाव तिसऱ्या फेरीत आलं. एमेटचं आलंच नाही. संध्याकाळी टेसियरांचा फोन आला. "टेबलाशी आम्ही पाच जण होतो. चौघांनी उंची विचारली आणि मी हरलो. पण ड्राफ्टविनाही संघाच्या निवड-शिबिराला बोलावता येतं. तेवढं भांडून मिळवलंय. ऑगस्टमध्ये पाठवा त्याला."

मार्ला रडली, पण थोडीच. एमेट म्हणाला, "अगं, दार बंद नाही झालं. अर्धं उघडं आहे. अर्ध्या दारातून मी मावतो."

पुढच्या हिवाळ्यात चिमुरड्यांच्या सामन्यात एक तरुण आई सात वर्षांच्या गोलरक्षक मुलीला ओरडत होती, "उडी मार गं! उडी!" मार्ला आपली घोंगडी घेऊन तिच्या शेजारी सरकली.

"नवीन आहात? चकतीकडे बघू नका. ती येण्याआधी तुमची लेक कुठे उभी आहे, ते बघा."

मंडळी, आग विझवणाऱ्याला आपण हार घालतो, आणि आग लागूच न देणाऱ्याचं नावही विचारत नाही. तुमच्या घरात, कचेरीत, गल्लीत असं एखादं माणूस नक्की असेल, ज्याच्यामुळे काहीच बिघडत नाही. त्याला धडपडून दाखवायला लावू नका. आपणच जरा नीट बघायला शिकूया!