घरात कोणाला असं होतं का?

वर्षालीने मोहिनीचे दोन्ही पाय घोट्यांपाशी धरले आणि सायकलचे पायडल फिरवावेत तसे एकाआड एक पोटाकडे नेले. मोहिनी हसली. मग एकदम थांबली, मुठी आवळल्या, चेहरा लालबुंद केला आणि अशी किंचाळली की वर्षालीच्या हातून पाय सुटले.

लंगोट नुसताच ओला होता, शी नव्हती. कालही तसाच होता, परवाही.

तिने मोबाइल पुन्हा उघडला. एका ठिकाणी लिहिलं होतं, बाळ कुंथलं तरी काळजी करू नका. दुसऱ्या ठिकाणी, ताबडतोब डॉक्टरांना दाखवा. शेजारच्या सपनाने विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून लावायला सांगितला होता. वर्षालीच्या आईने फोनवर एरंडेल सांगितलं आणि तासाभराने परत फोन करून, नको, राहू दे, म्हटलं. आणि प्रत्येकीने शेवटी तेच वाक्य जोडलं होतं, की आईला बरोबर कळतं.

वर्षालीला काहीच कळत नव्हतं. मोहिनीला संस्थेतून घरी आणून दोनेक महिने झाले होते. त्याआधीचे पाच महिने तिचं कोणतं रडणं भुकेचं आणि कोणतं दुखण्याचं, हे कोणी दुसऱ्याच बाईने ओळखलं होतं.

"काऊन रडून राह्यली ते?" दिवाणावरून शोभाबाईंनी विचारलं.

"शी होत नाही, आई."

"मंग दवाखान्यात ने."

वर्षालीने लंगोट पुन्हा बांधला. शोभाबाई, तिच्या नवऱ्याची, कैलासची आई, आष्टीकडच्या गावाहून कालच सिंदी मेघेला आल्या होत्या, डोळ्यातला मोतीबिंदू दाखवायला. मोहिनी घरी आल्यापासून त्यांची ही पहिलीच खेप. दत्तक घ्यायचं ठरलं तेव्हा त्या बरं म्हणाल्या नव्हत्या, वाईटही म्हणाल्या नव्हत्या. "तुमचं तुम्ही पाहा," एवढंच. आताही त्या मोहिनीकडे पाहुण्यांच्या लेकराकडे पाहावं तशा पाहत होत्या, बऱ्या नजरेने, पण लांबून.

दवाखान्यात जायचं वर्षालीच्या मनात येत नव्हतं असं नाही. पण पुढच्या आठवड्यात संस्थेच्या ताई बाळाची चौकशी करायला यायच्या होत्या. वजन बघणार, तब्येत बघणार. दिलं तेव्हा तर लेकरू चांगलं होतं, असं त्या म्हणाल्या तर? त्या धास्तीने ती मोहिनीच्या मागेच लागली होती. दुधाची पावडर हात राखून कधी घातली नाही. वर केळं, भाताची पेज. लेकरू अंग धरेल म्हणून जे जे सुचलं ते ते.

संध्याकाळी कोमट पाण्याच्या टबात बसवलं तेव्हा मोहिनी जरा सैल पडली. पुसून घेताना मात्र पुन्हा ताठली, किंचाळली, आणि टॉवेलवर बकरीच्या लेंडीसारखे दोन-तीन कडक खडे पडले. एकावर रक्ताची बारीक रेघ होती.

वर्षालीने टॉवेल घाईने गुंडाळला. मागे वळली तर दारात शोभाबाई.

त्यांना किती दिसलं कोण जाणे. "उद्या माह्या डोयासाठी सेवाग्रामले जायचंच हाय," त्या म्हणाल्या. "तिलेही घेऊन घेजो."

कैलासला सुट्टी मिळाली नाही, म्हणून दोघीच बाळाला घेऊन ऑटोने गेल्या. आधी डोळ्यांच्या विभागात शोभाबाईंच्या डोळ्यांत औषध घातलं. त्याने बाहुल्या मोठ्या झाल्या आणि समोरचं सगळं धूसर झालं. त्यांना एकटं कुठे बसवणार? तेव्हा वर्षालीची ओढणी धरून त्याही लहान मुलांच्या विभागात आल्या.

डॉक्टर वर्षालीच्याच वयाची होती. तिने मोहिनीचं पोट चाचपलं, लंगोट सोडून पाहिलं.

"कडक शीने छोटीशी चीर पडलीये. रक्त त्याचंच. घाबरू नका. हे कधीपासून?"

"कसं सांगू, डॉक्टर. आधी शी मऊ असायची तरी लाल व्हायची, कुंथायची. मग मला वाटलं, हेही तेच असेल. मग वाटलं, नसेल. मला ओळखताच येत नाही."

"मऊ असेल आणि कुंथत असेल, तर ते बाळाचं शिकणं असतं. वरून जोर लावायचा आणि खालून सैल सोडायचं, हे एकदम जमत नाही त्यांना. किती दिवसांनी होते यापेक्षा कशी होते ते बघायचं. खडे यायला लागले, रडायला लागली, म्हणजे बद्धकोष्ठ. मग दुखतं म्हणून ती रोखून धरते आणि आणखी कडक होते. दूध वरचं ना? पावडर कशी घालता?"

"चमचा शिगोशीग भरून."

"सपाट घालायची. सुरीने शीग काढून टाका. पावडर जास्त झाली की शी घट्ट होते."

वर्षालीच्या कानशिलांपर्यंत गरम झालं. डॉक्टर सांगत राहिली. केळं आणि पेज थोडे दिवस कमी. पिकलेली पपई कुस्करून. उकळून गार केलेलं पाणी मधूनमधून चमच्याने. देठ, साबण, एरंडेल यातलं काही नाही. पोट फुगलं, उलट्या झाल्या किंवा पुन्हा रक्त दिसलं तर लगेच यायचं.

"जन्मल्यावर पहिली शी वेळेवर झाली होती?"

"हो." संस्थेच्या कागदांवर ते होतं. कागद वर्षालीला पाठ होते.

"आणि घरात कोणाला असं होतं का? आईला, वडिलांना, लहानपणी?"

हे कुठल्याच कागदावर नव्हतं. वर्षालीने ओठ उघडले. आता दत्तकाचं सांगावंच लागणार होतं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरी दरवेळी ते सांगताना मोहिनी हातातून थोडी दूर गेल्यासारखी वाटायची. तिने बाळाला जवळ ओढलं.

"हाय ना," शेजारून शोभाबाई म्हणाल्या. "हिच्या बापाले होये. हिच्याएवढाच होता कैलास, अस्साच लाल व्हाये. मोठा झाला, तसं आपोआप गेलं."

"मग हिचंही जाईल, आजी," म्हणत डॉक्टरने तेवढं लिहून घेतलं.

बाहेरच्या लांब व्हरांड्यात वर्षाली हळूहळू चालत होती. परत जाऊन खरं सांगावं का? पण आईंना त्या क्षणी भानच राहिलं नसेल, तर त्यांना खोटं पाडायचं कसं? आणि भान असेल तर? तिने दोनदा वळून पाहिलं. शोभाबाई ओढणी घट्ट धरून, जमीन चाचपल्यासारखी पावलं टाकत मागून येत होत्या. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"हळू चाल वो माय," त्या म्हणाल्या. "मले दिसून नाई राह्यलं."

पपई लागू पडायला दोन-तीन दिवस गेले. रविवारी सकाळी मोहिनीने तोंड लाल केलं, कुंथली, आणि रडायच्या आतच लंगोट भरला. मऊ, पिवळट. वर्षालीने तो कैलाससमोर असा धरला की तो मागेच सरकला.

"आईंनी सांगितलंच होतं डॉक्टरला," ती हसत म्हणाली. "तुम्हालाही लहानपणी असंच व्हायचं म्हणे. मोठे झालात तसं गेलं."

"मले?" कैलास बुचकळ्यात पडला. "मले कधी? आई तर उलटं सांगते सगळ्याइले. माही लंगोटं धुता धुता तिची कंबर गेलती म्हणे. दिवसभर दोरीवर तेच."

वर्षालीचं हसू ओठांवरच थांबलं.

"विचारू काय तिले?"

"नका विचारू."

तिने मोहिनीला धुतलं, कोरडं केलं आणि कडेवर घेऊन स्वयंपाकघरात गेली. शोभाबाई ताटात पपई चिरत होत्या, फोड अगदी डोळ्यांजवळ नेऊन बिया काढत होत्या. वर्षाली त्यांच्यासमोर फरशीवर बसली.

"आई, हिच्या बाबांना लहानपणी अजून काय काय व्हायचं?"

शोभाबाईंचा हात थांबला. त्यांनी वर्षालीकडे पाहिलं, मग मोहिनीकडे.

"बस," त्या म्हणाल्या. "सांगतो."